पोटॅशियमचं दार

"तुझ्या पेशींमध्ये वीजगळती आहे," फडतरे मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, बिल कुणाच्या नावावर येतं.

मॅडम हसल्या नाहीत. माझे वडील, आप्पा, तर हसतच नसत. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. एवढ्या मोठ्या दवाखान्यात तरी गप बस, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मी गप बसलो. मिरजेच्या त्या दवाखान्यातल्या त्या खोलीत भिंतीवर स्वादुपिंडाचं रंगीत चित्र लावलेलं होतं. स्वादुपिंड दिसायला किडक्या मक्याच्या कणसासारखं असतं. माझं जन्मापासून मेलेलं आहे असं आम्ही एकोणीस वर्षं धरून चाललो होतो.

मॅडमनी कोरा कागद ओढला आणि एक खोली काढली. ही पेशी, म्हणाल्या. इन्शुलिन बनवणारी. जेवलं की रक्तातली साखर हिच्यात शिरते आणि जळते. जळाली की त्या ताकदीवर पोटॅशियमचं दार बंद होतं. दार बंद झालं की खोलीत वीज साठते. पुरेशी साठली की दुसरं दार उघडतं, ते कॅल्शियमचं. कॅल्शियम आत घुसतं आणि आत रचून ठेवलेल्या इन्शुलिनच्या पुड्या धक्का देऊन बाहेर काढतं. साखर खाली येते. एवढं सगळं प्रत्येक घासाला चाललेलं असतं.

"ह्याच्यात सगळं जागेवर आहे," त्या आप्पांना म्हणाल्या. "पेशी आहेत. पुड्या तयार आहेत. फक्त पहिलं दार लागत नाही. जन्मतःच बिजागरी वाकडी आहे. वीज साठतच नाही, निघून जाते."

म्हणजे मांडव घातलाय, वऱ्हाड आलंय, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत, अक्षता मुठीत घामेजल्यात, आणि भटजी मंगलाष्टकं म्हणायला तोंडच उघडत नाहीत. एकोणीस वर्षं. मला त्या पुड्यांचं फार वाईट वाटलं.

आप्पा बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भट्टी पेटतीया, पन झापड बसंना."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "आणि ती झापड बाहेरून ढकलून बसवणारी एक गोळी आहे. जुनीच आहे. ह्याला जास्त प्रमाणात लागेल. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, आणि ह्याचं वयही वाढलंय. पण पडली, तर सुई बंद."

आप्पांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि मग तो आपला नाही हे लक्षात येऊन परत टेबलावर ठेवला.

सुई म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं. तिकडची माणसं गलाईला जातात. म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा धंदा. तो करायला भारतभर पांगतात. गावात पुरुष बघायचा असेल तर जत्रेला यावं लागतं. आप्पांचं दुकान ओडिशात संबलपूरला होतं. मी झालो, माझं नाव प्रतापसिंह ठेवलं, आणि नाव ठेवून पुरते दोन महिनेही झाले नव्हते तोवर प्रतापसिंह डोळे फिरवून निपचित पडले. साखर निघाली. जगायचं तर सकाळ-संध्याकाळ सुई, जन्मभर. सिस्टरनी आईला सुई कशी द्यायची ते दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आई चक्कर येऊन पडली, कपाळाला खोक पडली, आणि टाके घालायला सुई आणली तेव्हा ती पुन्हा पडली. मग आप्पांनी संबलपूरचं दुकान दुसऱ्याला दिलं आणि गावी येऊन बसले. पुरुष नसलेल्या गावात माझा बाप तेवढा एक कायम हजर. बायका लाजून रस्ता बदलायच्या.

सुई एकाच जागी दिली की तिथं गाठ होते. म्हणून जागा बदलत राहायची. कालची जागा आज लक्षात राहावी म्हणून आप्पांनी माझ्या अंगावर गावकऱ्यांची दुकानं वसवली होती. उजवी मांडी तिरुप्पूर, डावी रायचूर. उजवा दंड बरेली, डावा सिलिगुडी. पोटावर बेंबीच्या ह्या बाजूला सेलम, त्या बाजूला विजयवाडा. संबलपूर कुठंच नव्हतं. पाचवीत गुरुजींनी बरेली कुठं आहे विचारलं, तेव्हा मी दंड दाखवला. त्यांनी तिथंच छडी मारली.

"आज रायचूर," आप्पा म्हणायचे. मी मांडी पुढं करायचो. मी दुसरीकडं बघायचो, ते सुई द्यायचे, संपलं. आप्पा बोलणारे नव्हतेच. सकाळी एक गाव, संध्याकाळी एक गाव, एवढ्यावर आमचं बापलेकाचं भागायचं.

सुई माझी मला घेता येत नव्हती. लहानपणापासून माझा हात थरथरतो. कपातला चहा बशीत आणि बशीतला सदऱ्यावर. त्यामुळं मी जिथं, तिथं आप्पा. शाळेची वेरूळची सहल आप्पांनी मागच्या सीटवर इन्शुलिनचा थर्मास मांडीत घेऊन केली. पोरं रात्री गाद्या जोडून दंगा करत होती आणि मी आणि आप्पा शिक्षकांच्या खोलीत झोपलो होतो. बापाला बरोबर घेऊन हिंडणाऱ्या पोराशी कुणी दोस्ती करत नाही. एका अर्थी बरोबर आहे. गुपित सांगायचं तर दोघांना सांगावं लागणार.

कोइमतूरला माझा चुलतभाऊ संग्रामदादा होता. त्याचं चालतं दुकान होतं, आणि भट्टीवर नको, गल्ल्यावर बस म्हणून तो दोन वर्षं मागं लागला होता. गोळी सुरू करायला भरती व्हायचं म्हणून पुन्हा मिरजेला जाताना एसटीत मी आप्पांना सांगितलं, की सुई सुटली तर मी दादाकडं जाईन म्हणतोय. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. तासगाव आलं, गेलं. मग ते म्हणाले, "बघू."

तर असा सगळा प्रकार एका गोळीवर येऊन बसला होता.

पुरुषांच्या वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर पिराजी वस्ताद होते. एकेकाळी त्यांनी तालमीत पन्नासभर पोरं तयार केली होती. आता पायाच्या अंगठ्याला साखरेची जखम झाली होती आणि तो अंगठा ते लहान मूल सांभाळावं तसा उशीवर ठेवायचे. माझी गोळी आली तशी त्यांनी चष्मा लावून पाकीट बघितलं. मग आपल्या कोपरीच्या खिशात हात घालून तेच पाकीट काढलं.

"हीच का रं?"

"हीच."

"ह्यासाठनं एवढा खर्च करून आलास व्हय? मला निरोप धाडायचा. जत्रंला येताना आनली असती."

आप्पा स्टुलावर बसले होते. त्यांनी वस्तादांच्या हातातलं पाकीट घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि एका बाजूनं थोडं वाकलं होतं ते सरळ करून परत दिलं.

पद्धत अशी होती की गोळ्या रोज वाढवायच्या आणि इन्शुलिन रोज उतरवायचं. आप्पांचा हात चांगला म्हणून सुई त्यांनीच द्यावी असं मॅडम म्हणाल्या. बनसोडे सिस्टर प्रमाण सांगायच्या. सकाळी मॅडम येऊन विचारायच्या, आत काही वेगळं वाटतंय का. मी एकदा म्हणालो, कुणीतरी कपाट सरकवल्यासारखं वाटतंय. त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खोडलं.

खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं. साखर कधी वर, कधी खाली. बोटं टोचून टोचून दुधीभोपळ्याच्या किसणीसारखी झाली होती. आप्पा सकाळी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरायचे. तिच्यातलं पाणी रोज कमी दिसायचं. सोनं भट्टीत असताना त्याच्या रंगाकडं बघत बसायची सवय असलेला माणूस. तो त्या पाण्याकडंही तसाच बघायचा. एकदा मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "आज सेलम."

मग एका संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, की उद्यापासून इन्शुलिन नाही. फक्त गोळी. बघू पोरगं आपल्या पायावर उभं राहतंय का. आप्पांनी मान हलवली. मीही हलवली. वस्तादांनी आनंदाच्या भरात अंगठा उशीवरून उचलला आणि पुन्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे चहावाला यायच्या आधी, आप्पा उठले. तोंड धुतलं. पिशवीतून घरची बाटली काढली, सिरिंज भरली. मी अर्धवट झोपेत होतो. ते म्हणाले, "आज विजयवाडा." मी सदरा वर केला आणि तोंड फिरवलं. त्यांनी सुई दिली. मी सदरा खाली केला आणि झोपलो. ते स्टुलावर बसून कालचा पेपर वाचायला लागले.

आम्ही दोघं शुद्धीवर होतो. दोघांनी आदल्या संध्याकाळी माना हलवल्या होत्या. तरी त्या वेळेला आमच्यापैकी एकालाही काही चुकतंय असं वाटलं नाही. वाटलं असतं तर उलट सुई दिली नाही म्हणून वाटलं असतं. आणि दिली ती घरची पुरी मात्रा. आधीच्या दिवसांची उतरलेली नव्हे.

पोहे यायला उशीर झाला. आधी मला घाम सुटला. मग वस्ताद सलाइनच्या स्टँडला धोबीपछाड घालताना दिसायला लागले. पुढचं मला आठवत नाही; वस्तादांनी सांगितलं. मी म्हणे खाटेवर उभा राहिलो, बनसोडे सिस्टरना ताई म्हणून हाक मारली आणि ग्रामपंचायतीला अर्ज भरतोय, निशाणी कणीस मागितलीय, तेवढं मत द्या म्हणालो. मग आडवा झालो. सिस्टरनी बोट टोचलं आणि आकडा बघून पळत सुटल्या. शिरेतून साखर दिली, मग आणखी दिली, मग लटकवूनच ठेवली. गोळी पोटात, सुई पोटात. वर चढवलेली साखर कुठं जात होती कळत नव्हतं.

डोळे नीट उघडले तेव्हा मॅडम खाटेशी उभ्या होत्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"इन्शुलिन कुणी दिलं?"

आप्पांनी हात वर केला. शाळेतल्या पोरानं करावा तसा, कोपरातून वाकवून.

"काल सांगितलं होतं ना मी?"

"व्हय."

"मग?"

आप्पा विचार करत राहिले. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. खरंच शोधत होते. मग म्हणाले, "हात गेला."

मॅडमनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या, आप्पांच्याच स्टुलावर. म्हणाल्या, तुझा मेंदू साखरेवाचून अजून थोडा वेळ राहिला असता तर मला काही करता आलं नसतं. प्रयोग चालू ठेवायचा की नाही याचा त्यांना विचार करावा लागेल. भरती होताना मी त्यांना कोइमतूरचं बोललो होतो. त्यांनी विचारलं, ते तू बाबांना सांगितलं होतंस ना?

मी हो म्हणालो.

"ते काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं ते मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सदरा मी वर केला होता, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तू झोपेत होतास. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्यांनी एक शेवटची संधी दिली, आप्पांशिवाय. प्रयोग संपेपर्यंत आप्पांनी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. भेटायच्या वेळेतसुद्धा नाही. बाटली, सिरिंजा सगळं सिस्टरनी कपाटात ठेवलं. आप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली, चपला शोधल्या. दारापर्यंत जाऊन परत आले. मला वाटलं, आता.

"पेपर तुला ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि गेले. मागच्या आवारात पेशंटच्या माणसांसाठी पत्र्याची शेड होती, तिथं राहणार असं वस्तादांच्या सुनेकडून कळलं.

जन्मात पहिल्यांदा मी एकटा होतो. म्हणजे वॉर्डात माणसं होती; पण ती दुसऱ्यांची होती. वस्तादांकडं डबा यायचा, डब्याबरोबर सून, सुनेबरोबर दोन नातवंडं, नातवंडांबरोबर एक जुना पैलवान, आणि हे सगळे माझ्या खाटेच्या कडेवर बसायचे कारण तिकडं जागा नसायची. मी त्यांच्यात आक्रसून बसायचो. ते माझ्यावरून एकमेकांना भाकरी पुढं करायचे. मीही पुढं करायचो. एकदा त्या पैलवानानं मला विचारलं की तू वस्तादांचा धाकटा का. मी हो म्हणालो. उगाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला त्याच वेळेला जाग आली. स्टूल रिकामं होतं. मी सदरा वर केला आणि तोंड फिरवून पडून राहिलो. पंख्याचा वारा पोटाला लागत होता.

"काय रं," वस्ताद अंधुक उजेडात म्हणाले, "वारं घेतोयास व्हय?"

"व्हय."

"घे."

थोड्या वेळानं मी सदरा खाली केला. पण ती सकाळ काही केल्या सुरू होईना. चहावाला आला, पेपर आला, झाडूवाल्या मावशी खाटेखालून झाडू घालून गेल्या, तरी मला आपलं वाटत राहिलं की अजून उजाडायचंय.

साखर मात्र शहाण्यासारखी वागली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. सुई नाही, नुसती गोळी. आणि जेवणानंतर आकडा वर जायचा आणि आपला आपण खाली यायचा. वस्ताद म्हणाले, चांगली तयारी आहे, पोरगं खाली पडतंय पण पाठ टेकू देत नाही. मॅडमनी आणखी एक तपासणी लावली, इन्शुलिन माझं मी बनवतोय का ते बघायची. तिचा कागद आला तेव्हा त्या स्वतः वॉर्डात आल्या, जवळजवळ पळतच, आणि माझ्या खाटेवर बसल्या.

"दार लागलं," म्हणाल्या.

मी अभिनंदन म्हणालो.

आणि मग त्यांनी त्यांच्या फोनवर मला एक गोष्ट दाखवली. कुठल्याशा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला पेशींचा पुंजका, उंदराचा. कॅल्शियम आत शिरलं की पेशी उजळावी अशी काहीतरी सोय केलेली. काळ्या पडद्यावर तो गोळा अंधारात होता. मग एका कडेनं उजेड झाला आणि लाटेसारखा सगळ्या गोळ्यावरून गेला. विझला. पुन्हा आला. शेकडो पेशी, पण एकीचीही वेळ चुकत नव्हती. पेशींच्या मधे बारीक भोकं असतात, मॅडम म्हणाल्या, त्यातून एकीची वीज दुसरीला लागते, म्हणून सगळ्या एका तालात. तुझ्यातही आता हेच चाललंय, एकोणीस वर्षांनी.

त्या चित्रात एका कोपऱ्यात एक पेशी सुटी पडली होती. ती मधेच चमकायची, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा लागोपाठ.

"हिचं काय बिनसलंय?"

"काही नाही. निरोगी आहे. एकटी काढली की गोंधळतात त्या."

"मग एकटी काढतात कशाला?"

"अभ्यासाला," मॅडम म्हणाल्या. मग फोन खिशात ठेवून म्हणाल्या, की जा, खाली जाऊन वडिलांना सांगून ये. त्यांच्यावरचा राग गेला होता. आनंदी माणसाला राग धरून ठेवणं जमत नाही.

मी वॉर्डातून बाहेर पडलो. जिना उतरताना काय बोलायचं त्याची जुळवाजुळव केली. आप्पा, दार लागलं. आप्पा, सुटली. आप्पा, मी कोइमतूरला जातो. सगळी वाक्यं तोंडात फार मोठी वाटत होती. आम्हाला एका वेळी एका गावाची सवय.

संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली होती. शेडमध्ये चुली, स्टोव्ह पेटले होते, भाकरीचा वास सुटला होता. लांबूनच मला आप्पांचा आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांच्यासारखा आवाज असलेला कुणी दुसरा माणूस आहे, कारण तो बोलत होता. एकसारखा बोलत होता. संबलपूरची भट्टी, तिथला उन्हाळा, सोन्यात तांबं किती आहे ते नुसत्या ज्वाळेवरून कसं ओळखायचं, एका मारवाड्यानं एकदा अख्खी रात्र त्यांच्या दुकानाबाहेर पहारा कसा दिला होता. लोक हसत होते. मधेच आप्पाही हसले. तो आवाज मी ओळखूच शकलो नसतो.

खांबाआडून बघितलं. आप्पा एका उलट्या बादलीवर बसले होते आणि त्यांच्यापुढं रांग होती. पेशंटची माणसं. त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःलाच साखर. आपली बाटली, आपली सिरिंज हातात घेऊन उभी. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला धीर होत नव्हता, कुणाची सुई देणारी सून आत बाळंत झाली होती. आप्पा एकेकाची बाटली घ्यायचे, किती ते विचारायचे, भरायचे. मग सुई द्यायच्या आधी अंगठ्यानं ती जागा चोळायचे, हळू, गोल गोल, बोलता बोलता. सुई दिल्यावर पुन्हा चोळायचे. माझ्या बाबतीतही ते हेच करायचे. एकोणीस वर्षं, रोज दोनदा. मी नेहमी दुसरीकडं बघायचो; ते चोळणं मला सुईचाच भाग वाटायचं. सुईशिवाय त्यांनी मला कधी हात लावलेला मला आठवत नाही.

एका आजोबांनी विचारलं, तुमचं कोण हाय आत?

"पोरगं," आप्पा म्हणाले. "बरं झालंय. जाईल आता."

आज मी कोइमतूरला गल्ल्यावर बसतो. लग्न झालंय, हात पूर्वीपेक्षा कमी थरथरतो, गोळ्या चालू आहेत. आप्पा गावी असतात. फोन करतो तेव्हा आम्ही दोघंही पाऊसपाण्याचं बोलतो आणि मग फोन आईकडं जातो. त्या पहाटे काय झालं होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि मला नाही वाटत त्यांना ते माहीत असेल.

त्या संध्याकाळी मी त्यांना हाक मारणार होतो. पण रांग होती, आणि रांग दिसली की माणूस आपोआप जाऊन शेवटी उभा राहतो. मी राहिलो. रांग सरकत गेली, मी सरकत गेलो. माझ्यामागंही कुणी कुणी येऊन उभं राहिलं. आप्पांची गोष्ट मारवाड्यावरून त्याच्या म्हाताऱ्या आईवर आली होती. माझ्या पुढचा माणूस सदरा खोचत बाजूला झाला.

"सदरा वर घ्या," आप्पा म्हणाले. त्यांचं लक्ष आधीच्या माणसाची सिरिंज पुसण्याकडं होतं.

मी सदरा वर केला. या खेपेला तोंड फिरवलं नाही. त्यांचा अंगठा माझ्या पोटावर आला, खरखरीत आणि गरम. गोल फिरला. बेंबीच्या बाजूला जिथं माझ्या जुन्या सुयांची एक गाठ आहे तिथं येऊन तो थांबला.

त्यांनी लगेच वर बघितलं नाही. बोलणं तेवढं थांबलं. मारवाड्याची आई अर्ध्यातच राहिली.

"तुजी बंद झाली न्हवं?"

"झाली."

"मग रांगंत कशाला हुबारलास?"

मी काही तरी विनोदी बोलायला पाहिजे होतं. मला ते नेहमी सुचतं.

मागची म्हातारी म्हणाली, आवरा की, भाकरी निवाय लागली. मी सदरा खाली केला आणि बाजूला झालो.